बोटांशिवाय टायपिंग: काळ्या स्क्रीनवरच्या प्रोग्रॅमला कोडने उत्तरं कशी द्यायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अण्णा बिलं करत बसले होते. अण्णा म्हणजे तिथले अकाउंटंट. साठी ओलांडलेली; मराठीत बोलणार, तेलुगूत आकडे मोजणार आणि खिडकीतून ड्रायव्हरला कन्नडमध्ये हाक मारणार, असे अस्सल सोलापूरकर. समोर काळा स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं. स्क्रीन विचारतो, पार्टी कोड? अण्णा आकडा टाकतात, एंटर. क्वालिटी नंबर? आकडा, एंटर. डझन? दर? गाडी नंबर? आणि शेवटी, छापू का, वाय की एन? वाय, एंटर. सहा प्रश्न, सहा उत्तरं, एक बिल.

"ही सगळी उत्तरं एक्सेलमध्ये हायतच की ओ," अण्णा म्हणाले. "मग मी परत कशाला बडवत बसू? एक कॉम्प्युटर दुसऱ्याला सांगत न्हाई का?"

एक्सेल आणि बिलाचा प्रोग्रॅम, दोघं एकाच मशीनशी जोडलेले, आणि मधला निरोप्या म्हणजे अण्णांची बोटं. आजकाल हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनेही पुढे येतो. कोड लिहिणारी एआय साधनं आता आज्ञा स्वतःच चालवतात, आणि एखाद्या प्रोग्रॅमने मध्येच "पुढे जाऊ का?" असं विचारलं की कधी कधी तिथेच ताटकळत बसतात. कॉलेजातली पोरं विचारतात, "सर, एंटर दाबायला एवढं अवघड काय आहे?" एंटर दाबणं अवघड नाहीच. तो कधी दाबायचा हे कळणं अवघड आहे.

प्रोग्रॅमला कीबोर्ड दिसतच नाही

काळ्या स्क्रीनवरच्या प्रोग्रॅमला बटणं नसतात, चित्रं नसतात. तो एक ओळ लिहितो, एक ओळ वाचतो. या प्रकाराला कमांड लाइन म्हणतात. पण तो कीबोर्डवरून वाचतो हा आपला समज अर्धाच खरा आहे. प्रोग्रॅमला तीन तोंडं असतात, त्यांना शून्य, एक आणि दोन असे नंबर दिलेले असतात. शून्य नंबरच्या तोंडातून तो वाचतो, एकमधून उत्तर लिहितो, दोनमधून तक्रारी करतो. शून्य नंबरच्या तोंडाला स्टँडर्ड इनपुट म्हणतात. त्या तोंडाला पलीकडून काय जोडलंय हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. एरवी कीबोर्ड असतो. पण फाइलही जोडता येते, दुसरा प्रोग्रॅमही जोडता येतो.

सोलापूरकरांना हे पटकन कळेल. स्वयंपाकघरातल्या नळाला कुठे माहीत असतं, की आज पाणी महापालिकेचं आहे, टँकरचं आहे की बोअरचं? तोटी फिरवली, पाणी आलं, एवढंच.

एका प्रोग्रॅमचं बाहेर पडणारं दुसऱ्याच्या तोंडात सोडण्याच्या या जोडणीला पाइपच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की प्रोग्रॅम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत. तिथेच तयार झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय १९७३ मध्ये आली, ती केन थॉम्प्सन यांनी बसवली. आम्हाला पाइप म्हटलं की आधी उजनीची जलवाहिनी आठवते, पण कल्पना तीच.

मग सगळी उत्तरं फायलीत लिहून ओतली की झालं?

मीही तेच केलं. एक्सेलमधून एक साधी फाइल काढली, दर ओळीत एक उत्तर. ती प्रोग्रॅमच्या शून्य नंबरच्या तोंडाला जोडली. बिलं सपासप निघाली. अण्णांनी खूश होऊन शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. मार्च पार पडला.

एक एप्रिलला सकाळी प्रोग्रॅमने सगळ्यात आधी एक जादा प्रश्न विचारला: नवीन आर्थिक वर्ष सुरू करू का, वाय की एन?

माझ्या फायलीला हे कसं कळणार? तिची पहिली ओळ होती ११८, म्हणजे पार्टी कोड. ती या प्रश्नाच्या तोंडात पडली. ११८ म्हणजे वाय नाही, तेव्हा प्रोग्रॅमने "नाही" समजून जुनंच वर्ष चालू ठेवलं. मग पार्टी कोडच्या जागी क्वालिटी नंबर गेला, क्वालिटीच्या जागी डझन, आणि डझनाच्या जागी दर. ६४० रुपये दर होता, त्याचे ६४० डझन टॉवेल झाले. दराच्या जागी गेला गाडी नंबर, एमएच १३ ने सुरू होणारा. अक्षरं बघून प्रोग्रॅमने दर शून्य धरला. गाडी नंबरच्या जागी वाय. आणि छापू का, याला उत्तर मिळालं पुढच्या बिलाचा पार्टी कोड, म्हणजे पुन्हा "नाही". असं करत सव्वीस बिलं जतन झाली, एकही छापलं गेलं नाही. शेवटच्या बिलाला तर उत्तरच उरलं नाही आणि प्रोग्रॅम मान टाकून पडला.

प्रिंटरमध्ये कागद आला नाही म्हणून अण्णांना शंका आली, हे आमचं नशीब. रद्द केलेल्या बिलांचे नंबरही जीएसटी रिटर्नमध्ये दाखवावे लागतात, त्यामुळे ती सव्वीस बिलं नुसती पुसून टाकून भागलं नाही. दोघं रात्री दहापर्यंत बसलो.

अण्णांनी त्या रात्री जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं होतं. त्यांचे वडील चादरीच्या मागावर होते. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या यंत्राने निघते त्याचं मूळ फ्रान्सच्या लिऑं शहरातल्या जॅकार्डचं, १८०४ चं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ करतात आणि बाण्याच्या दर धाग्यामागे एक कार्ड पुढे सरकतं. "मधी एक कार्ड चुकलं तर माग थांबत न्हाई," अण्णा म्हणाले. "तो विणतच राहतो. फकस्त मोराचं डोकं पायाला येतं."

माझी फाइल ही तशी माळ होती. समोर काय विचारलं जातंय याच्याशी तिचा संबंधच नव्हता. ज्या प्रोग्रॅमचे प्रश्न कधीच बदलत नाहीत, त्याला अशी माळ चालते आणि तिथे ती खुशाल वापरावी. पण जिथे प्रश्न तारखेवर, डेटावर किंवा मागच्या चुकीवर अवलंबून असतात, तिथे आधी ऐकणारा कुणीतरी हवा.

ऐकून मग बोलणारा

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत, एनआयएसटीमध्ये, डॉन लिब्स यांनी यावर एक्स्पेक्ट नावाचं साधन तयार केलं आणि १९९० मध्ये ते लोकांपुढे मांडलं. नावातच सगळं आलं: अमुक येईल अशी अपेक्षा धर. त्याचं व्याकरण चार क्रियापदांत मावतं. स्पॉन म्हणजे प्रोग्रॅम सुरू कर. एक्स्पेक्ट म्हणजे अमुक शब्द दिसेपर्यंत थांब. सेंड म्हणजे हे टाइप कर. आणि चौथं, माझं सगळ्यात आवडतं, इंटरॅक्ट: आता कीबोर्ड माणसाच्या हातात दे.

अण्णांचं बिल यात बोलून दाखवायचं तर असं: बिलाचा प्रोग्रॅम सुरू कर. "पार्टी कोड" दिसेपर्यंत थांब. मग ११८ आणि एंटर पाठव. "क्वालिटी" दिसेपर्यंत थांब. मग ४२ आणि एंटर. आणि थांबताना एकाच शब्दाची वाट बघायची सक्तीही नाही. "पार्टी कोड" दिसला तर हे कर, "नवीन आर्थिक वर्ष" दिसलं तर ते कर, अशा दोन-तीन वाटा एकदम सांगता येतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हेच काम पेक्स्पेक्ट नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते.

आता एक खाच सांगतो, कारण यात मी स्वतः पडलोय. थांबायचं तरी किती? मूळ एक्स्पेक्ट १० सेकंद थांबतं. तेवढ्यात अपेक्षित शब्द आला नाही आणि "न आल्यास काय" हे तुम्ही लिहिलेलं नसेल, तर ते ओरडत नाही. गुपचूप पुढच्या ओळीवर जातं आणि पुढचं उत्तर पाठवून देतं. म्हणजे ऐकणारा आणून बसवला तरी फिरून तीच कार्डांची माळ. पेक्स्पेक्ट ३० सेकंद थांबतं आणि मग चूक झाली म्हणून काम थांबवतं. मला हे दुसरं वागणं जास्त शहाणं वाटतं. ताण्याचा धागा तुटल्यावर विणकर आधी माग थांबवतो, गाठ मारतो, मगच पुढे विणतो.

साध्या पाइपनेच ऐकलं तर नाही का चालणार?

बऱ्याच जणांना इथे वाटतं, की दोन पाइप जोडू, एकातून उत्तरं आत सोडू, दुसऱ्यातून प्रश्न ऐकू. वेगळं साधन कशाला? करून बघा. निम्म्या वेळा दोघंही गप्प बसून राहतात. स्क्रिप्ट, म्हणजे उत्तरं देणारा आपला छोटा कोड, प्रश्नाची वाट बघते, प्रोग्रॅम उत्तराची.

कारण आमच्याकडच्या वडापसारखं आहे. वडापची जीप सीटं भरल्याशिवाय हलत नाही. प्रोग्रॅमही लिहिलेली अक्षरं लगेच बाहेर पाठवत नाही, एका जागी साठवतो आणि गाडी भरली की सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. पण समोर माणूस बसलाय असं कळलं, तर तो निदान दर ओळीला गाडी सोडतो. कळतं कसं? तो ऑपरेटिंग सिस्टिमला सरळ विचारतो, माझ्या तोंडाला जोडलेलं हे टर्मिनल आहे का? टर्मिनल म्हणजे माणूस जिथे बसतो तो कीबोर्ड-स्क्रीन. पाइप जोडला की उत्तर मिळतं "नाही", आणि प्रोग्रॅम वडापच्या धोरणावर जातो. "पार्टी कोड" ही इवलीशी दोन सीटं जीपमध्ये बसून राहतात. प्रश्न विचारून झालाय असं प्रोग्रॅमला वाटतं, आपल्यापर्यंत मात्र तो पोचलेलाच नसतो. पाइप आहे म्हटल्यावर काही प्रोग्रॅम रंग काढून टाकतात, काही तर प्रश्नच विचारत नाहीत.

दुसरी कोंडी उलट्या बाजूची. तुम्ही न वाचता नुसती उत्तरं ढकलत राहिलात, तर प्रोग्रॅमच्या बाजूचा पाइप तुंबतो. लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या धर्तीवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, पाइपमध्ये साधारण ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला की प्रोग्रॅम लिहिताना अडतो, वाचायचं थांबवतो, मग तुमचाही पाइप भरतो. नवी पेठेतल्या बोळात दोन रिक्षा तोंडाला तोंड लावून उभ्या राहाव्यात, तसं.

खोटं टर्मिनल

तोडगा असा, की प्रोग्रॅमला माणूस समोर असल्याचा भास करून द्यायचा. याला स्यूडो-टर्मिनल म्हणतात. त्याला दोन टोकं असतात. एक टोक प्रोग्रॅमला जोडलेलं, ते हुबेहूब टर्मिनलसारखं वागतं. दुसरं टोक तुमच्या स्क्रिप्टच्या हातात. प्रोग्रॅमने विचारलं, टर्मिनल आहे का? उत्तर, आहे. एक्स्पेक्ट आणि पेक्स्पेक्ट आतून हेच करतात. तुम्ही दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करता किंवा डेस्कटॉपवर काळी खिडकी उघडता तेव्हाही खाली हीच वस्तू असते. युनिक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात ते टेलिटाइपवरून. तारयंत्रासारखं खडखडत कागदावर छापणारं ते यंत्र केव्हाच गेलं, नाव मागे राहिलं. विंडोजने अशी सोय बरीच उशिरा, २०१८ मध्ये, विंडोज १० मध्ये दिली. त्यामुळे लिनक्ससाठी लिहिलेल्या कित्येक जुन्या युक्त्या विंडोजवर जशाच्या तशा चालत नाहीत.

पण भास करून दिला की त्याचे परिणामही सोसावे लागतात. टर्मिनल तुम्ही टाइप केलेलं परत दाखवतं, एरवी स्क्रीनवर आपली अक्षरं उमटतात ती त्यामुळेच. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टने पाठवलेलं उत्तर फिरून तिच्याच कानावर येतं. तुम्ही "दर" या शब्दाची वाट बघत असाल आणि आधीच्या उत्तरात तुम्हीच "चादर" लिहिलं असेल, तर स्क्रिप्ट त्यातल्या "दर"लाच प्रश्न समजून पुढे धावते. माझं एकदा झालंय. म्हणून शोधायचा शब्द शक्य तेवढा नेमका हवा, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट. शिवाय प्रश्न तुकड्यातुकड्याने येऊ शकतो, आधी "पार्" आणि मग "टी कोड?". हे जोडून घ्यायचं काम ही साधनं करतात. स्वतः लिहायला गेलात तर विसराल.

पासवर्डचं काय?

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. फायलीतून सगळी उत्तरं गेली, पण पासवर्ड मात्र जात नाही. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचसारखे प्रोग्रॅम पासवर्ड शून्य नंबरच्या तोंडातून वाचतच नाहीत. ते मागच्या दाराने थेट टर्मिनलकडे जातात. मुद्दामच. पासवर्ड कुठल्या फायलीत पडलेला नसावा, माणसाने तो त्या क्षणी टाइप करावा, हा त्यामागचा हेतू. खोटं टर्मिनल दिलं तर हेही दार उघडतं, एसएसएचपास नावाचं साधन तेच करतं. पण मग पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावा लागणार. आज्ञेतच लिहिला, तर त्याच मशीनवरचा दुसरा माणूस चालू कामांची यादी मागून तो वाचू शकतो. तिजोरीची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगण्यासारखंच ते. एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरता येते, तीच वापरावी. इथे टायपिंग स्वयंचलित करण्याचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एक बारकावा मात्र मजेदार आहे. प्रोग्रॅम आधी "पासवर्ड" असं छापतो आणि मग अक्षरं लपवायची सोय चालू करतो. स्क्रिप्ट माणसापेक्षा इतकी चपळ असते, की त्या दोन्हींच्या मधल्या फटीत तिने टाइप केलं तर पासवर्ड उघडा उमटतो. म्हणून पेक्स्पेक्ट प्रत्येक उत्तराआधी ५० मिलिसेकंद मुद्दाम रेंगाळतं. मशीनला माणसासारखं वागायचं, तर माणसासारखं हळूही व्हावं लागतं!

कीबोर्डचीच नक्कल केली तर?

ऑटोहॉटकी, एक्सडूटूल अशी साधनं खरोखर कळा दाबल्याचा आभास निर्माण करतात. ज्या प्रोग्रॅमना ही तोंडं नसतात, नुसत्या खिडक्या असतात, तिथे दुसरा इलाज नसतो. पण त्या कळा पुढे असलेल्या खिडकीत पडतात. बिलं चालू असताना कुणी गड्ड्याच्या जत्रेचे फोटो बघायला व्हॉट्सॲप उघडलं, की पार्टी कोड आणि दर फॅमिली ग्रुपवर. लिनक्समध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या टर्मिनलमध्ये अक्षरं कोंबण्याची एक जुनी सोय होती. तिचा गैरवापर होऊ शकतो म्हणून लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ६.२ आवृत्तीपासून ती बंद ठेवता येते.

एवढा खटाटोप कशाला, प्रश्नच बंद करा की

खरंय, आणि हे सगळ्यात आधी तपासायचं. चांगल्या प्रोग्रॅममध्ये "विचारू नकोस" असं सांगायची सोय असते. उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, पॅकेज (नवा प्रोग्रॅम) बसवताना आज्ञेला वाय जोडला की तो होकार धरून चालतो. युनिक्समध्ये तर येस नावाची एक आज्ञा आहे, ती थांबवेपर्यंत "वाय, वाय, वाय" एवढंच ओळीमागून ओळ लिहीत राहते. तिचा पाइप कुठल्याही होयबा मागणाऱ्या प्रोग्रॅमला जोडावा.

पण "वाय की एन" असं विचारणाऱ्याने ते उगाच लिहिलेलं नसतं. "ही फाइल पुसू का?" हा प्रश्न कधीतरी कुणाची तरी फाइल पुसली गेल्यावर आलेला असतो. त्याला आंधळा होकार देणारी स्क्रिप्ट लिहिली, तर तो पहारेकरी आपणच घरी पाठवतो. एआय साधनांबाबत मला हीच काळजी वाटते: प्रश्नापाशी अडली की त्यांना सुचणारा सोपा उपाय म्हणजे आज्ञेला वाय जोडणं. पॅकेज बसवायला ठीक. पुसण्याच्या, पाठवण्याच्या आणि पैशाच्या प्रश्नांवर मी माणूसच ठेवीन.

अण्णांच्या प्रोग्रॅममध्ये प्रश्न बंद करायची सोय नव्हती. तो लिहिणारा गाव सोडून गेलेला, मूळ कोड कुणाकडे नाही. म्हणून एक्स्पेक्टनेच लिहिलं. ओळखीचे सहा प्रश्न आले तर सहा उत्तरं. १० सेकंदांत त्यातलं काहीच आलं नाही तर घंटी वाजवायची आणि कीबोर्ड अण्णांना द्यायचा. काम झालं की अण्णांनी स्टारची कळ दाबून तो परत करायचा.

पुढच्या एक एप्रिलला मी मुद्दाम सकाळी तिथे गेलो. घंटी वाजली. अण्णांनी चष्मा वर सरकवला, प्रश्न दोनदा वाचला, वाय दाबला, एंटर दाबला, मग स्टार. पार्टी कोडचा प्रश्न आला आणि ११८ आपोआप उमटलं. अण्णा प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले, पहिला कागद हातात येईपर्यंत.